चिभडातलं उपाशी झाड

हिवरदरी, जि. बुलढाणा
सोमवार, १५ सप्टेंबर

प्रिय महामाया,

सप्रेम जयभीम.

पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण जिभेला काही झालेलं नाही, त्यामुळे घर व्यवस्थित चालू आहे. मला ठाऊक आहे, बाबांनी फोन सोडून पत्र का लिहिलं या काळजीनं तू आधी शेवटचं पान उलटशील. यावेळी तसं करू नकोस, पोरी. मी जसा गोंधळत लिहितोय तशीच तू गोंधळत वाच, म्हणजे माझी अवस्था तुला कळेल. गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. तुला तिकडे नुसतं मेसेज पुसल्याचं दिसलं, आणि तू एक हसरा चेहरा पाठवून दिलास. मग फोन लावला तर तू म्हणालीस, बाबा मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू. खरं सांगू का, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

आधी कामाचं. चोवीस तारखेला पाहणी करायला तुझ्या कामातली तज्ज्ञ मंडळी येणार आहेत. चिभडावर, टेकडीच्या त्या ओल्या तुकड्यावर, त्यांना दवबिंदूचं झाड दिसलं, तर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून पुढे जाईल. नाही दिसलं, तर त्या उतारावर मुरूम खणायची परवानगी तयारच आहे, फक्त सही राहिली आहे. हे तूच मला इतक्या वेळा सांगितलंस की झोपेतही म्हणून दाखवीन. तर ऐक. कुंपणाच्या आत एकही झाड नाही. तू गेल्या वर्षी दोरी लावून तीनशे चाळीस मोजली होतीस, त्यातलं एकही नाही. ऑगस्टमध्ये तू फोटो मागितलास तेव्हा मी जो पाठवला तो गेल्या सप्टेंबरचा होता. तू उलट लिहिलंस, किती सुंदर आलीत बाबा, तुमच्यामुळे. तो मेसेज मी तुझ्या आईला दाखवला नाही. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, पंचनाम्यात कधी खोटा आकडा भरला नाही, आणि रिटायर झाल्यावर पोटच्या पोरीला खोटा फोटो पाठवला. कसं काय झालं माझं असं, मलाच समजत नाही.

क्रमानं लिहितो, कारण क्रमानं लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही. तू आठवीत होतीस तेव्हा स्टीलच्या पेल्यात मातीसकट ते झाड घरी घेऊन आलीस. रुपयाएवढं, लालभडक, जमिनीला चिकटलेलं, आणि पानाच्या प्रत्येक केसावर एक थेंब. मी म्हटलं, दव आहे, ऊन चढलं की जाईल. दुपारचे बारा वाजले तरी थेंब जागच्या जागी. मग त्यावर एक चिलट बसलं, ते उठलंच नाही. तुझी आई भाकरी टाकून पाहायला आली आणि ओरडली, अगं माय, पंचशील घेतलेल्या घरात हे कसलं झाड आणलं पोरीनं, हे त जीव घेऊन राह्यलं! मी तरी काय सांगणार होतो? कीड झाड खाते, हे मी गावोगावी शिकवलं होतं. झाड कीड खातं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तू विचारलंस, बाबा, हे असं का करतं? मी म्हटलं, त्या मुरमात खायला काही नाही ना, उपाशी असेल बिचारं. तू ते वहीत लिहून घेतलंस. ते बरोबर निघालं, असं तू पुढे कॉलेजात गेल्यावर सांगितलंस, आणि मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

गावात त्या झाडाला कोणी विचारत नव्हतं. बकऱ्या राखणारी रुखमाबाई त्याला 'चिकट्या' म्हणायची, तेवढंच. दवबिंदू हे नाव तू पुस्तकातून आणलंस. आणि त्या जागेला सगळेच चिभड म्हणायचे, म्हणजे पाणी धरून सडणारी जमीन, निकामी. टेकडीच्या पोटातून दिवाळीनंतरही पाणी झिरपत राहतं, तिथं ज्वारी नाही, कपाशी नाही, धड गवत नाही. नोकरीत असताना त्या अर्ध्या एकराला मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील! आमच्या पुस्तकात चिभडावर एकच उपाय, चर काढा आणि पाणी बाहेर घाला. ते वाक्य मी हजार शेतकऱ्यांना सांगितलं असेल. मग तू पुण्याहून ती जाडजूड पुस्तकं घेऊन आलीस आणि म्हणालीस, बाबा, हे चिभड आहे म्हणूनच ते झाड आहे. मी मान हलवली. मान हलवणं आणि समजणं यात किती अंतर असतं, ते मला या वर्षी कळलं.

गेल्या नोव्हेंबरात तुझ्या सरांनी सांगितलं की जागेला कुंपण पाहिजे, बकऱ्या झाडं तुडवतात. तू तुझ्या अहवालाचा कागद पाठवलास, त्यात धोक्यांच्या यादीत पहिलंच नाव शेळ्यांच्या चराईचं होतं, मुरमाचं दुसरं. मला ते पटलं. बकरी म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि मी तर शेतकऱ्यांचा शेतकरी. मी आणि तुझ्या आईनं मिळून बाभळीचे खांब रोवले, काटेरी तार ओढली. ती तार धरून उभी आणि तोंडानं चालूच, की लग्नाले छत्तीस वर्षं झाली, मले कधी फुलाचं रोप आणून देल्लं नाई, आन् या किडेखाऊले कुंपण! रुखमाबाई पलीकडे बकऱ्या घेऊन उभी होती. तिनं एवढंच विचारलं, किसनभाऊ, इथून पाण्याले जात जाऊ का नको? मी म्हटलं, आता वळसा घालून जा, रुखमाबाई, पोरीच्या कामाचं आहे. ती खालच्या अंगानं निघून गेली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट आपण मोठं काम केलं असं वाटत होतं.

तू जाताना एक वाक्य बोलली होतीस. बाबा, आता फक्त लक्ष ठेवा, बाकी काही करू नका. हे वाक्य मला अक्षर न् अक्षर आठवतं, म्हणून मला विसरलो म्हणायलाही जागा नाही. पण तूच सांग, ज्या माणसानं आयुष्यभर 'काहीतरी करा' हेच सांगितलं, त्यानं तारेपलीकडे उभं राहून नुसतं बघायचं तरी कसं? मार्चमध्ये मी तिथली माती घेतली. अगदी नियमाप्रमाणे, सहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे, माती एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकले, दोन ठेवले. प्रयोगशाळेतला पोऱ्या ओळखीचा, त्यानं रिपोर्ट दिला आणि म्हणाला, साहेब, ही माती आहे का भिंतीचा चुरा आहे? नत्र अत्यंत कमी. स्फुरद अत्यंत कमी. सेंद्रिय कर्ब तर जवळजवळ नाहीच. तो कागद मी घरी येऊन पुन्हा दोनदा वाचला गं. मला वाटलं, एवढी वर्षं हे लेकरू उपाशी आहे, पोटाला मिळत नाही म्हणून चिलटं मारून खातं, आणि आपण त्याला झाडाचा स्वभाव म्हणतो. पोटभर दिलं तर कशाला मारेल? तुझ्या आईला हे सांगितलं, तर ती पहिल्यांदाच माझ्याशी सहमत झाली. तिथंच मला शंका यायला हवी होती.

मृगाच्या आधी मी चार घमेली कुजलेलं शेणखत नेलं, चाळून, एक खडा राहू दिला नाही. वर मुठीमुठीनं डीएपी हे रासायनिक खत. त्याच वेळी वरच्या अंगाला हातभर खोल चर काढला, कारण एवढं पाणी साचलं तर मुळं सडतील अशी भीती वाटली. जुलैत आत काय काय उगवायला लागलं, ते सुरुवातीला दर दोन दिवसांनी निंदून काढलं, मग ते हाताला आवरेना. पाठीवर पंप घेऊन एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत दोनदा फवारलं, हलक्या हातानं, सकाळच्या वेळी, वारा नसताना. माझ्या नोकरीत मला आदर्श कृषी सहायक म्हणून शाल मिळाली होती, ती ज्या कामांसाठी मिळाली ती सगळी कामं मी त्या अर्ध्या एकरावर केली. एकही सोडलं नाही. आणि जुलैच्या शेवटी तिथं गवत उभं राहिलं, माझ्या मांडीला लागेल असं. असं हिरवंगार गवत त्या मुरमावर गावानं कधी पाहिलं नव्हतं. मी खाली बसून ते दोन्ही हातांनी बाजूला करत होतो आणि लाल ठिपका शोधत होतो. नव्हता. निंदताना मी जी बोटभर रोपं उपटून फेकली, त्यात तुझ्या यादीतली सीतेची आसवंही होती, तीही किडे खाणारीच, हे मला नंतर फोटो ताडून पाहिल्यावर समजलं.

तेव्हा तरी मला समजायला हवं होतं, नाही का? पण मन मोठं चोर असतं. मी स्वतःला म्हणालो, पाऊस उशिरा झाला, येतील. मग म्हणालो, बी खराब असेल. मग म्हणालो, काहीतरी रोग असेल. आणि कुठंतरी आत, अगदी आत, असंही म्हणालो की कुंपण तर तिनंच घालायला सांगितलं होतं. हे लिहिताना मला लाज वाटते. खत माझं, चर माझा, निंदणी माझी, आणि मी बसून वाटण्या करत होतो की पोरीचा यात किती हिस्सा. तुझ्या आईनं एक दिवस सरळ विचारलं, आता पोरीले काय सांगसान? मी म्हटलं, सांगीन. ती म्हणाली, कवा? पोरगी पाहणी करून गेल्यावर का तुमी गेल्यावर? मी जेवणाचं ताट तसंच ठेवून उठलो. एवढ्या वर्षांत मी ताटावरून उठलो नव्हतो, म्हणून ती घाबरली.

आता पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेचं सांगतो. इथपर्यंत आलोय तर पुढे थांबता येत नाही. उपसरपंच गजेंद्र आदल्या दिवशी ग्रामसेवकाला घेऊन चिभडावर जाऊन आला होता. गजेंद्र वाईट माणूस नाही, हे तू लक्षात ठेव. पावसाळ्यात आपल्या रस्त्यानं गाडी येत नाही, बाळंतीण बाई बाजेवर न्यावी लागते, त्याला मुरूम पाहिजे तो त्या रस्त्यासाठी. तो मला पूर्वी म्हणालाच होता, काका, झाड असंन त राहीन, नसंन त मुरूम तरी कामी येईन. सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, आत गवत हाय, झाड एकही नाई, पाहणीले लोक येतीन त गावाची इज्जत जाईन, कारण काय ते आजच ठरवा. मग त्यानं तुझा कागद काढला. महामाया मॅडमच्या अहवालानुसार, असं म्हणून त्यानं मोठ्यानं वाचलं, पहिला धोका शेळ्यांची चराई. लोकांना बरंच वाटलं, कारण दोष कोणाचा ते एकदा सापडलं की घरी जाता येतं. कोणी म्हणालं, रुखमीच्या बकऱ्या तारेखालून शिरल्या असतीन. मग गजेंद्रनं मला विचारलं. काका, तुम्ही कृषी खात्यातले, रोज तिकडे जाता, तुम्हीच सांगा, बकऱ्यांनीच खाल्लं का?

रुखमाबाई मागे भिंतीला टेकून उभी होती. तिला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडेच पाहत होती. रागानं नव्हे, मी आता खरं काय ते सांगेन अशा भरवशानं. कारण मी तिथं खताची घमेली नेताना तिनं मला पाहिलं होतं, चर खणताना पाहिलं होतं, उलट चराच्या वेळी पाण्याचा तांब्याही तिनंच दिला होता. आणि मी म्हटलं, हो, असेल. बस, एवढंच. दोन शब्द. ग्रामसेवकानं लिहून घेतलं, ठराव झाला की टेकडीच्या त्या बाजूला बकऱ्या न्यायच्या नाहीत, आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. ती सही मी का केली? हा प्रश्न मी स्वतःला महिनाभर विचारतोय. भीती म्हणावी तर कोणाची भीती? गजेंद्र माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, माझ्या पाया पडतो. मला वाटतं, मला तुझ्या नावाची भीती वाटली. सगळ्या गावासमोर तुझा कागद वाचला जात होता, मॅडम मॅडम चाललं होतं, आणि मला उठून म्हणायचं होतं की मॅडमच्या बापानं ते झाड मारलं. ते तोंडातून निघेना. पण हेही खरं कारण आहे की मी आत्ता शोधून काढलेलं, ते मला नक्की सांगता येत नाही.

टेकडीची ती बाजू बंद म्हणजे पाणी बंद, आणि पाणी बंद म्हणजे बकऱ्या कशा ठेवणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रुखमाबाईनं तेरापैकी नऊ बकऱ्या बाजारात नेल्या. मी दारात बसलो होतो. ती समोरून गेली, दोरीला दोरी बांधलेली, आणि मला म्हणाली, बसले का किसनभाऊ? रोज म्हणते तसंच. मी म्हटलं, हो, बसलो. तुझी आई आतून बाहेर आली, तिनं माझ्या हातातला पेपर काढून घेतला आणि आत नेला.

मग गेल्या मंगळवारी काय झालं ते ऐक. मला चैन पडत नव्हतं म्हणून मी चिभडावर गेलो आणि कुंपणात न शिरता खालच्या अंगानं गेलो. मी रुखमाबाईला जो वळसा घालायला लावला होता, त्याच वाटेनं. ऑगस्टपर्यंत तिच्या बकऱ्या तिथूनच जात होत्या. वरचं पाणी माझ्या चरातून फिरून तिकडेच उतरतं. गवत बकऱ्यांनी जमिनीलगत खाल्लेलं, आणि ओल्या मुरमात त्यांच्या खुरांचे ठसे, शेकड्यांनी, प्रत्येकात चमचाभर पाणी. चालताना मी पाय टेकवणार तेवढ्यात थांबलो. ठशाच्या काठावर लाल ठिपका होता. मी तिथंच बसलो, धोतर भिजलं तरी बसलो. एक, मग दोन, मग डोळ्यांना सवय झाली आणि चहूकडे दिसायला लागले. एकसष्ट मोजले, मग चष्म्यावर वाफ धरली. मला रडू आलं, महामाया. आनंदाचं की कशाचं, तेही कळलं नाही. जिथं मी सगळं दिलं तिथं एक नाही, आणि ज्यांच्यावर मी आळ घेतला त्यांच्या पायाखाली एकसष्ट.

मला यातलं काहीच उलगडत नाही. बकऱ्या गवत खातात म्हणून झाडाला ऊन मिळतं, इथवर माझी गाडी जाते. पण मग बकऱ्यांच्या लेंड्या पडतात त्याचं काय, ते खत नाही का? तुडवलं तर मरायला नको का? माझ्या शेणखतानं जे मेलं ते तिच्या लेंड्यांनी का मेलं नाही? थोडं आणि फार यातला फरक म्हणावा तर थोडं किती, त्याची मात्रा कुठं लिहिली आहे? मी मात्रेचा माणूस आहे, मला एकरी किती ते सांगितल्याशिवाय समजत नाही. तू शिकलेली आहेस, तू शोध. पण एक गोष्ट मी शपथेवर सांगतो. बकऱ्या तिथून पिढ्यान् पिढ्या जातायत आणि झाडही पिढ्यान् पिढ्या आहे. तू आठवीत असताना तुला त्या झाडापाशी बोटाला धरून नेलं ते मी नव्हे. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की पोरीला मी दाखवलं. तुझ्या आईनं परवा आठवण करून दिली, तुमी त त्या दिवशी नांदुऱ्याच्या मिटिंगीले गेले होते, पोरगी रुखमीसंग बकऱ्यामागं गेल्ली. तुला हे आठवत असेलच. तू कधी मला खोटं पाडलं नाहीस.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. शुक्रवारी मी रुखमाबाईच्या घरी गेलो. तिच्या ओट्यावर बसलो आणि तुला जे वर लिहिलं ते सगळं तिला सांगितलं, फोटोचंसुद्धा. ती उरलेल्या चार बकऱ्यांपुढे सुबाभळीचा पाला टाकत होती. म्हणाली, मले माहीत होतं किसनभाऊ, मी पाह्यलं होतं ना तुमाले. मी म्हटलं, उद्या गावापुढे सांगतो, कुंपण काढतो, तू बकऱ्या ने तिकडं. कुंपण मी काढलं, चर बुजवला, माझी साक्ष खोटी होती हे गजेंद्रला सांगितलं, तो तर डोकं धरून बसला. पण ती बकऱ्या न्यायला तयार नाही. म्हणते, तुमी सांगून काय होते, कागदात नाव तुमचं नाई, महामायाचं हाय. तिनं लिहिलं माह्या बकऱ्या वाईट. आता तिनं येऊन सांगावं, मंग नेतो. नाई त येत्या रविवारी याही चार बाजारात जातीन. आणि महामाया, त्या बकऱ्या गेल्या तर पुढच्या दिवाळीपर्यंत त्या ठशांवर गवत चढेल, मग चोवीस तारखेला कोणी येवो न येवो, वारसा होवो न होवो, तिथं काही उरणार नाही. म्हणून तू शनिवारीच इथं पोहोच. अहवालात तो पहिला धोका खोड आणि तिथं माझं नाव लिही, किसनराव, निवृत्त कृषी सहायक, शेणखत चार घमेली, सगळं लिही. तुझ्या सरांना काय वाटेल ते मला माहीत नाही. तुझं काही नुकसान होईल का, तेही माहीत नाही, आणि बाप असून मी तुला ते नुकसान सोस म्हणतोय. शेगावला उतरलीस की गाडी आपल्या घरी आणू नकोस. सरळ तिच्या दारात ये. मी आणि तुझी आई तिथं ओट्यावर असू. पण आमच्याकडे नंतर बघ, आधी तिच्याशी बोल.

तुझाच,
बाबा

ता. क. तुझी आई म्हणते, गुरुवारपर्यंत तुझा फोन आला नाही तर ती स्वतः लावेल, आणि ती एवढं लांबण लावणार नाही.